दर दोन मिनिटांनी कांद्याचा भाव

प्रश्न : वकीलताई, नमस्कार. मी निफाड तालुक्यातला, वय 26, सध्या नाशिकला गंगापूर रोडवर राहतो. घरी कांदा आणि थोडी द्राक्षं. गेल्या वर्षी मी व्हॉट्सअ‍ॅपवर बाजारभावाची सेवा सुरू केली. लासलगाव, पिंपळगाव, येवला, चांदवड असे 14 बाजार, महिन्याला 50 रुपये. 300 च्या वर शेतकरी जोडले गेलेत. भाव एका खाजगी साइटवरून घेतो. तिथे मी खातं उघडलं आणि मित्राने पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहून दिली, ती दर दोन मिनिटांनी सगळ्या बाजारांची पानं ओढते. एप्रिलमध्ये त्यांनी ‘स्वयंचलित वापर आढळला’ असा मेल पाठवून खातं बंद केलं. मी वडिलांच्या मोबाइल नंबरवर दुसरं उघडलं आणि मित्राने आयपी, म्हणजे आपला इंटरनेटवरचा पत्ता, बदलत राहील अशी सोय केली. आता त्यांच्या वकिलाची ईमेलवर नोटीस आली आहे. अटींचा भंग, आयटी कायदा, कॉपीराइट, 10 लाख रुपये भरपाई, 15 दिवसांत उत्तर. मित्र म्हणतो घाबरू नको, अमेरिकेच्या कोर्टाने स्क्रेपिंग, म्हणजे असं यंत्राने माहिती ओढणं, कायदेशीर ठरवलंय, आणि कांद्याचे भाव काय कोणाच्या बापाचे आहेत का? त्याच साइटवरच्या यादीतून व्यापाऱ्यांचे मोबाइल नंबरही आम्ही काढून ठेवलेत, अजून वापरले नाहीत. मला पोलीस उचलतील का? सेवा बंद करू का? माझे मामा लासलगावला मापारी आहेत, ते म्हणतात सोडून दे हे उद्योग. मला अरे-तुरे केलंत तरी चालेल.

उत्तर :

बरं, मग अरे-तुरेच करते.

पोलिसांचं आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं तू अर्ध्या लक्षाने वाचशील. तुझ्याकडे आली आहे ती वकिलाची नोटीस. ती तक्रार नाही, एफआयआर नाही, समन्स तर नाहीच. ज्या कलमाची भीती घातली आहे ते आयटी कायद्याचं कलम 66. त्यात जास्तीत जास्त तीन वर्षं कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गुन्हा दखलपात्र आहे, पण जामीनपात्रही आहे, आणि त्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. त्यामुळे रात्री दोन वाजता दारात जीप उभी राहील हे चित्र डोक्यातून काढ. पण ‘काही होत नाही रे’ हे मित्राचं वाक्यही सोबतच काढ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाशी अडखळले. स्क्रिप्ट, पायथन, स्क्रेपिंग यांच्याशी नाही. ‘दुसरं उघडलं’ यातल्या ‘दुसरं’शी. का, ते पुढे येईलच.

मित्राचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. भाव कोणाच्या बापाचे नाहीत. लासलगावच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगेतून व्यापारी फिरतात, बोली मोठ्याने होते, उभे असतील त्या सगळ्यांना ऐकू जाते. अमुक दिवशी उन्हाळ कांदा किमान इतका, कमाल इतका, सर्वसाधारण इतका, ही घडलेली गोष्ट आहे, आणि घडलेल्या गोष्टीवर कॉपीराइट नसतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात, म्हणजे 1957 च्या, संगणकीय डेटाबेसही ‘साहित्यकृती’त धरलेला आहे, हे खरं. 1995 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने बर्लिंग्टन होम शॉपिंगच्या खटल्यात ग्राहकांच्या यादीलासुद्धा संरक्षण दिलं होतं, कारण ती यादी करायला कष्ट पडले होते. पण डिसेंबर 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक या खटल्यात माप बदललं. निकालपत्रांच्या संग्रहाचा वाद होता. न्यायालय म्हणालं, नुसते कष्ट आणि भांडवल पुरेसं नाही, थोडीतरी सर्जनशीलता हवी. न्यायालयाचा मूळ निकाल कोणीही छापावा, पण प्रकाशकाने डोकं चालवून त्याच्या परिच्छेदांची जी मांडणी केली आणि ज्या टिपा जोडल्या, त्या उचलता येणार नाहीत.

म्हणून नोटिशीतला कॉपीराइटचा पाय मला सगळ्यात लंगडा वाटतो. एक सोडून. त्या साइटवर भावांच्या तक्त्याखाली ‘आजचा कल’ असा चार-पाच ओळींचा मजकूर असतो, कोणीतरी बसून लिहिलेला. तो तू जसाच्या तसा ग्रुपवर टाकत होतास का? पत्रात तू याबद्दल गप्प आहेस. टाकत असशील तर तो पाय लंगडा राहत नाही.

आता अटी.

साइटचं नाव तू कळवलंस, ते इथे छापत नाही. पण रविवारी दुपारी मी स्वतः तिथलं नोंदणीचं पान उघडून बसले. नाव, तालुका, मोबाइल, ओटीपी. त्याखाली फिकट राखाडी अक्षरांत एक रिकामा चौकोन आणि पुढे ‘मी अटी व शर्ती वाचल्या असून त्या मला मान्य आहेत’. चौकोनात खूण केल्याशिवाय खालचं हिरवं बटण दाबलंच जात नाही. मी दाबून पाहिलं. ‘अटी व शर्ती’वर बोट ठेवलं की वेगळं पान उघडतं, इंग्रजीत, छापलं तर 11 कागद. सातव्या कलमात लिहिलंय की रोबो, स्पायडर, स्क्रेपर किंवा कोणत्याही स्वयंचलित साधनाने माहिती घेता येणार नाही. मिळालेली माहिती फक्त स्वतःच्या वापरासाठी, ती विकता किंवा पुढे वाटता येणार नाही. बंद केलेल्या वापरकर्त्याने दुसऱ्या नावाने खातं उघडायचं नाही. हे शेवटचं वाचून मी चष्मा काढून ठेवला.

तू म्हणशील, 11 कागद कोण वाचतं? कोणीच नाही. तीस वर्षं करारच वाचत आलेली मी, माझ्या मोबाइलमधल्या बँकेच्या अ‍ॅपच्या अटी मी वाचलेल्या नाहीत. पण न वाचता केलेली सही ही सहीच असते, हे तुला सोसायटीच्या कर्जाच्या कागदांवरून माहीत आहे. आपला करार कायदा 1872 चा, आणि आयटी कायद्यातलं कलम 10 अ सांगतं की करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो निकामी ठरत नाही. तळाशी कुठेतरी ‘अटी’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं आहे आणि वाचणारा तिकडे न बघता पान चाळून गेला, तर त्याने करार केला की नाही यावर वाद घालायला जागा असते. तू तर चौकोनात खूण केलीस, ओटीपी टाकलास, बटण दाबलंस. एकदा स्वतःच्या नावाने आणि एकदा वडिलांच्या.

पण करार मोडणं हा गुन्हा नाही. ती दिवाणी बाब. खातं बंद करता येतं, मनाई हुकूम मागता येतो, नुकसान भरून मागता येतं. 10 लाखांचा आकडा त्यांनी अटींतूनच उचललाय, तिथे प्रत्येक भंगामागे ठरावीक रक्कम लिहिली आहे. त्यावर करार कायद्याचं कलम 74 वाच. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी न्यायालय वाजवी भरपाईच देतं, आणि लिहिलेला आकडा ही त्याची वरची मर्यादा असते. म्हणजे त्यांना न्यायाधीशासमोर सांगावं लागेल की निफाडच्या या मुलामुळे आमचं नेमकं काय बिघडलं. तुझ्या 300 शेतकऱ्यांपैकी किती जण त्यांचे पैसे भरणारे ग्राहक झाले असते? सर्व्हरचा खर्च किती वाढला? 10 लाखांपर्यंत पोहोचायला त्यांना बरंच चालावं लागेल. मला खरी जाचक वाटते ती शेवटच्या कागदावरची ओळ : वाद झाल्यास अधिकारक्षेत्र बेंगळुरूच्या न्यायालयांचं. अशी अट सहसा टिकते, जर त्या शहराचा व्यवहाराशी खराखुरा संबंध असेल तर. कंपनीचं ऑफिस तिथेच आहे. दर तारखेला नाशिकरोडहून गाडी पकडायची कल्पना कर.

आता त्या ‘दुसरं’कडे येऊ.

आयटी कायदा 2000 चा, त्याचं कलम 43. संगणकाच्या किंवा यंत्रणेच्या मालकाच्या, किंवा ती ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या, परवानगीशिवाय कोणी आत शिरलं, किंवा तिथला डेटा उतरवून घेतला, त्याची नक्कल केली, तर त्याने भरपाई द्यायची. कुलूप तोडलं पाहिजे असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. सगळं कलम ‘परवानगी’ या एका शब्दाभोवती फिरतं. पाच कोटींपर्यंतचे असे दावे राज्याच्या आयटी खात्याच्या सचिवांपुढे चालतात, ते त्यासाठीचे न्यायनिर्णय अधिकारी असतात. आणि हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं, तर ते कलम 66 खाली गुन्हा होतं. 43 आणि 66 यांच्यामध्ये एवढीच भिंत आहे. तुझा हेतू.

एप्रिलपर्यंतची गोष्ट बघ. तुझ्याकडे खातं होतं, म्हणजे आत यायची परवानगी होती. ती हाताने पानं बघण्यापुरती होती आणि तू यंत्र लावलंस. वकील म्हणून मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते तर म्हणाले असते, हा अटींचा भंग आहे, फार तर भरपाईचा विषय. मुलाने नियम वाचले नाहीत. चुकलं.

मग त्यांचा मेल आला. त्यांनी कारणही लिहिलं. परवानगी संपली, आणि संपल्याचं तुला कळलं. त्यानंतर तू काय केलंस? वडिलांच्या नंबरवर ओटीपी मागवला. आयपी फिरता ठेवला, म्हणजे त्यांना वाटावं की वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या गावांतून बघतायत. आणि तू पाठवलेल्या स्क्रिप्टमध्ये मला आणखी एक ओळ दिसली, ती तू पत्रात लिहिलेली नाहीस. यंत्र स्वतःची ओळख ‘क्रोम ब्राउझर’ म्हणून देतं. तांत्रिक लोक म्हणतील, सगळेच असं करतात. करत असतील. पण न्यायालयात ती ओळ वाचून दाखवली जाईल तेव्हा तिचा अर्थ एवढाच निघेल की ओळखू येऊ नये म्हणून सोंग घेतलं. एप्रिलच्या आधी ‘मला माहीत नव्हतं’ म्हणता येत होतं. एप्रिलनंतर तुझ्या प्रत्येक हालचालीवर ‘मला माहीत होतं’ असं लिहिलेलं आहे.

आमच्याही ऑफिसात असला प्रकार झालाय, म्हणून जरा कळवळून सांगते. काही वर्षांपूर्वी माझ्या एका ज्युनिअरने निकाल गोळा करायला कुठल्याशा साइटवर असंच यंत्र लावलं. दोन दिवसांत आमच्या ऑफिसचं कनेक्शनच त्या साइटने रोखलं. त्याने मला उत्साहाने सांगितलं, ‘मॅडम, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून चालतंय.’ मी हॉटस्पॉट बंद करायला लावला आणि त्या साइटला मेल लिहिला. आठवडाभराने त्यांचं उत्तर आलं : वर्षाची वर्गणी भरा, हवं तेवढं उतरवा. रक्कम आमच्या महिन्याच्या चहाच्या बिलाहून कमी होती.

अमेरिकेचं ऐक आता, कारण तुझ्या मित्राने अर्धी गोष्ट सांगितली आहे. खटला हायक्यू लॅब्ज आणि लिंक्डइनचा. हायक्यू ही छोटी कंपनी लिंक्डइनवरची सर्वांना दिसणारी माहिती यंत्राने गोळा करायची. एप्रिल 2022 मध्ये तिथल्या नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने अंतरिम टप्प्यावर म्हटलं की जे पान लॉगिनशिवाय जगाला दिसतं ते यंत्राने वाचणं हे संगणकात घुसखोरीच्या त्यांच्या कायद्याखाली बहुधा येत नाही. मित्राची गोष्ट इथे संपते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खालच्या न्यायालयाने त्याच हायक्यूला लिंक्डइनच्या वापरकर्ता कराराचा भंग केल्याबद्दल दोषी धरलं, स्क्रेपिंगबद्दल आणि बनावट खात्यांबद्दलही. डिसेंबरमध्ये हायक्यूने पाच लाख डॉलरचा हुकूमनामा आणि कायमची मनाई मान्य करून प्रकरण मिटवलं. बनावट खाती, हे दोन शब्द पुन्हा वाच. पुढे जानेवारी 2024 मध्ये फेसबुकवाली मेटा आणि माहिती गोळा करणारी ब्राइट डेटा यांच्या खटल्यात कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने म्हटलं की मेटाच्या अटी लॉगिन न करता घेतलेल्या सार्वजनिक माहितीला लागू होत नाहीत. तिथेही सगळं लॉगिनवरच येऊन थांबलं, आणि तू लॉगिनच्या आतला आहेस. शिवाय यातला कुठलाही निकाल नाशिकच्या किंवा बेंगळुरूच्या न्यायाधीशावर बंधनकारक नाही. आपल्याकडे हा विषय अजून शिजतोय. एएनआय या वृत्तसंस्थेने आपल्या बातम्या वापरल्याबद्दल चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयवर नोव्हेंबर 2024 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला तो याच घराण्यातला.

युरोपचंही एक उदाहरण तुझ्या ‘कोणाच्या बापाचे’ला नेमकं उत्तर देतं. विमानाच्या तिकिटांचे दर हा तसा उघडा मामला. रायनएअर ही विमान कंपनी विरुद्ध दरांची तुलना दाखवणारी पीआर एव्हिएशन या खटल्यात जानेवारी 2015 मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की डेटाबेसला कॉपीराइटचं किंवा डेटाबेसच्या खास हक्काचं संरक्षण नसलं, तरी मालक कराराने त्याच्या वापरावर बंधनं घालू शकतो. दर कोणाचेच नाहीत, तरी चौकोनातल्या खुणेने तू बांधला जातोस.

दर दोन मिनिटांनी, हे मात्र मला अजून उमगलेलं नाही. मी कागदावर मांडून बघितलं. तासाला 30, दिवसाला 720, गुणिले 14 बाजार : रोज 10,080 वेळा तू त्यांचं दार वाजवत होतास. रात्री तीन वाजतासुद्धा, जेव्हा आवारात कुत्री आणि रिकामे ट्रॅक्टर सोडून काही नसतं. लिलाव सकाळच्या सत्रात होतो, दुपारच्या सत्रात होतो, सुट्टीला होतच नाही. भाव दिवसातून दोन-तीनदा बदलणार. तू सहा वेळा बघितलं असतंस तरी तुझ्या शेतकऱ्याला तोच मेसेज गेला असता, आणि बहुधा त्यांच्या नजरेतही आला नसतास. यंत्रणेवर असा भार टाकणं हाही वेगळा मुद्दा होऊ शकतो, कलम 43 मध्येच यंत्रणेच्या कामात व्यत्यय आणण्याचं पोटकलम आहे. ईबे या लिलावाच्या साइटने 2000 साली अमेरिकेत बिडर्स एज नावाच्या कंपनीवर मनाई मिळवली ती याच मुद्द्यावर, दिवसाला लाखाच्या आसपास फेऱ्या होत होत्या. तू त्याच्या दहाव्या हिश्शावर आहेस, तेही 50 रुपयांच्या सेवेसाठी.

मित्राला विचार, रोबोट्स.टीएक्सटी बघितली होती का? साइटच्या पत्त्यापुढे ते नाव टाकलं की एक साधी फाइल उघडते. यंत्रांनी कुठे यावं आणि कुठे येऊ नये, ते तिथे लिहिलेलं असतं. 1994 पासूनची ही रीत, सप्टेंबर 2022 मध्ये तिचं आरएफसी 9309 या नावाने रीतसर मानक झालं. त्या मानकातच म्हटलंय की ही काही प्रवेशाची परवानगी देणारी किंवा नाकारणारी व्यवस्था नव्हे. ‘फुले तोडू नयेत’ या पाटीसारखीच ती, कुंपण नव्हे. पण पाटी वाचूनही फुलं तोडली, हे पुराव्यात येतं. या साइटच्या फाइलीत भावांच्या पानांवर सगळ्या यंत्रांना मनाई आहे. मी पाहिली.

व्यापाऱ्यांचे नंबर. इथे मी जास्त लिहिणार नाही, कारण लिहिण्यासारखं फार नाही : ते वापरू नकोस. भाव ही माहिती आहे, नंबर हा माणूस आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, ज्याने स्वतःच आपली माहिती जाहीर केली तिला सूट आहे. पण त्या व्यापाऱ्यांनी नंबर त्या साइटला दिला होता, लॉगिनच्या आत दिसण्यासाठी. तो जगासाठी जाहीर केला होता असं म्हणणं अवघड आहे. कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात, म्हणून कोणी म्हणेल अजून वेळ आहे. असल्या हिशेबात पडू नकोस. नोटिशीच्या उत्तरात ‘ही यादी आम्ही वापरलेली नाही, आपण सांगाल तशी नष्ट करतो’ असं एक वाक्य असलं तर ते तुझ्या बाजूचं सगळ्यात वजनदार वाक्य असेल. ते खरं राहू दे.

आता काय करायचं. स्क्रिप्ट आजच थांबव. थांबव म्हणजे चालवणं बंद कर, पुसू नकोस. स्क्रिप्ट, तिच्या नोंदी, त्यांचा एप्रिलचा मेल, नोटीस, पैसे घेतल्याच्या पावत्या, सगळं एका फोल्डरमध्ये जसंच्या तसं ठेव. नोटीस आल्यावर घाईघाईने पुसापुशी केली की त्यातूनच अप्रामाणिक हेतू शोधला जातो. वडिलांच्या नावाच्या खात्यात पुन्हा लॉगिन करू नकोस, ‘एकदा बघून तर घेतो’ म्हणूनसुद्धा नाही. तिसरं खातं तर नकोच नको.

15 दिवस संपायच्या आत उत्तर गेलं पाहिजे, वकिलामार्फत. माझ्याकडेच ये असं मी इथे लिहू शकत नाही, वकिलाने जाहिरात करायची नसते. निफाडला किंवा सीबीएसजवळच्या आपल्या जिल्हा न्यायालयात दिवाणी काम करणारा कोणीही चालेल, फक्त त्याला संगणकाची भीती नसावी. उत्तर एका पानाचं असावं. वापर थांबवला आहे, अमुक तारखेपासून. उतरवलेली माहिती पुढे वापरणार नाही. नुकसानीचा आकडा मान्य नाही, त्याचा तपशील द्या. रीतसर परवाना किंवा वर्गणी असेल तर कळवा. बस. दुसऱ्या खात्याबद्दल काय लिहायचं आणि किती, हे तुझ्या वकिलाला सगळं खरं सांगून त्यालाच ठरवू दे. नोटिशीला शेतकऱ्यांच्या हालअपेष्टांवर निबंध लिहून पाठवू नकोस, आणि अमेरिकेचे निकाल तर मुळीच नको. अशा नोटिशींपैकी बऱ्याच अशा उत्तराने थंडावतात, कारण पाठवणाऱ्यालाही बेंगळुरूत चार वर्षं तारखा नको असतात.

सेवा बंद करू का, हा तुझा शेवटचा प्रश्न मला सगळ्यात आवडला. नको करूस. 300 शेतकरी महिन्याला पैसे देऊन तुझा मेसेज वाचतात, म्हणजे त्यांना तो उपयोगी आहे. फक्त विहीर बदल.

केंद्र सरकारचं डेटा.जीओव्ही.इन हे व्यासपीठ 2012 पासून आहे. त्यावर देशभरच्या बाजार समित्यांचे रोजचे भाव अ‍ॅगमार्कनेट या सरकारी बाजारभाव यंत्रणेतून येतात. राज्य, जिल्हा, बाजार, जिन्नस, वाण, तारीख, आणि किमान, कमाल व सर्वसाधारण दर. तिथे नोंदणी केली की एपीआयची चावी मिळते, म्हणजे तुझ्या यंत्राने दाराची कडी वाजवायची आणि त्यांनी आपणहून ओंजळीत द्यायचं. तिथली माहिती वापरण्याचा सरकारी परवाना 2017 चा आहे, धंद्यासाठी वापरायलाही मुभा आहे. स्रोताचा उल्लेख मात्र करावा लागतो. मेसेजच्या तळाशी एक ओळ टाकलीस की झालं. यात एक उणीव आहे, तीही सांगते. समितीने नोंद केली तरच भाव दिसतो, आणि कधीकधी ती नोंद संध्याकाळपर्यंत येत नाही. तुझा शेतकरी सकाळी दहाला ट्रॉली जोडून उभा असतो, त्याला संध्याकाळच्या नोंदीचा काय उपयोग?

त्यासाठी तुझ्या घरातच माणूस आहे आणि तू त्याला ‘उद्योग सोडून दे म्हणतात’ एवढ्यावर निकालात काढलंस. मामा मापारी आहेत. सकाळच्या सत्रातले पहिले दहा सौदे कुठे फुटले हे त्यांना कोणत्याही साइटच्या अर्धा तास आधी कळतं. ती उघड्या आवारातली उघडी बोली आहे, तिच्यावर कोणाच्या अटी नाहीत. ते स्वतः कामात असतात, तर आवारात रोज येणारी पोरं शोध. प्रत्येक बाजारातून एक, सुरुवातीला 14 नाही, चारच बाजार कर. पोरांना महिन्याचे काही पैसे दे आणि वर 50 ऐवजी 60 रुपये घे. मग एक दिवस कोणीतरी तुझेच भाव यंत्राने ओढायला लागेल, तेव्हा तुझ्या अटी लिहायला मला पत्र पाठव. त्या मी मराठीत आणि दोन कागदांत बसवून देईन.

एक राहिलं. दुसरं खातं वडिलांच्या नंबरवर आहे. म्हणजे त्या कंपनीच्या नोंदीत अटी मान्य करणारा माणूस ते आहेत, तू नाहीस. पुढची नोटीस त्यांच्या नावाने, टपालाने, निफाडच्या घरी येऊ शकते, आणि पोस्टमन ती त्यांच्या हातात देईल तेव्हा तू गंगापूर रोडला असशील. तुझ्या पत्रात त्यांना हे माहीत असल्याचं कुठे दिसलं नाही. या शनिवारी गावी जा, आणि जेवणं झाल्यावर त्यांना सगळं सांग. वकिलाकडे जाताना त्यांनाही बरोबर घे.